जांबोटीकडचं कौलारू घर, ओल आणि थंडी: हीटर, हॉट-कोल्ड एसी की आणखी काही?

परसदार
मंडळी, सल्ला हवाय. घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. जांभ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, पुढं सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर आणि मागं न्हाणी. आई-दादा दोघंच असतात, दोघंही सत्तरीच्या पुढं. मी नोकरीमुळं बेळगावात.

जूनपासून दसरा तोंडावर येईपर्यंत घरात काही म्हणजे काही सुकत नाही. अंगावर घेतलेली वाकळ ओलसर लागते, ट्रंकेतल्या पातळांवर बुरशी धरते. ते संपतंय तोवर डिसेंबर, मग पहाटेचं धुकं आणि कौलांच्या फटींतून येणारं वारं. दोन किलोवॉटचा ब्लोअर घेऊन दिला होता. चालू असेतोवर पायांना ऊब, बंद केला की चहा पिऊन होईतो खोली पुन्हा गार. त्यात महिन्याचं बिल २०० युनिटांच्या पुढं गेलं आणि दादांनी ब्लोअर माळ्यावर टाकला. आता ते कोळशाची शेगडी माजघरात आणून ठेवतात आणि दार ओढून घेतात.

हॉट-अँड-कोल्ड एसी अशा घरात चालतो का? की ऑइलचा रेडिएटर घेऊ? शिवाय गिझरचं बटण दाबलं की हल्ली घरचा सगळा करंट जातोय. खर्च एकदाच करायचा आहे, तर सुरुवात कुठून करू?

वायरमन अनगोळ
बाकीचं सगळं नंतर. शेगडी आजच्या आज बाहेर काढायला सांगा, फोन करून सांगा. कोळसा अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड सोडतोय. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. धूर थांबला, निखारे लाल झाले म्हणजे आता आत न्यायला हरकत नाही असं जुनी माणसं धरून चालतात आणि तिथंच घात होतोय. झोपलेला माणूस उठतच नाही.

हेच बंद न्हाणीत गॅस गिझर लावलेल्यांनाही सांगालोय. गॅस गिझर बाहेरच्या भिंतीला हवा, आत फक्त गरम पाण्याची नळी.

शहापूरची लेक
कौलारू घरात हवा खेळती असते, काही होत नाही, असं आमच्या माहेरीही म्हणायचे.

वायरमन अनगोळ
ताई, कौलं दिसतात ती सोप्याला. माजघरावर फळ्यांची तक्तपोशी असते, वर माळा, बाजूला खिडकी नाही, असली तर वितीएवढी. मग हवा कुठली खेळणार? ऊब राहते म्हणून तर म्हातारी माणसं तिथंच शेगडी नेतात.

परसदार
दादांना फोन केला. "एवढी वर्षं काय झालं?" म्हणाले. आईनं मात्र लगेच उचलून अंगणात ठेवली. तक्तपोशीचं अगदी बरोबर, माजघराला खिडकी एकच आणि तीही न्हाणीच्या बाजूला.

एडमंटनचा बेळगावकर
टिळकवाडीत वाढलो, आता कॅनडात अल्बर्टात आहे. इथं जानेवारीत पारा उणे ३० ला जातो, त्यामुळं हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

इथल्या घरांत तळघरात गॅसची फर्नेस असते. ती हवा तापवते आणि पंखा ती हवा पत्र्याच्या नळांतून खोल्याखोल्यांत ढकलतो. बिघाड बहुतेक वेळा साधेच. फिल्टर धुळीनं तुंबतो, धुरातून निघणारं पाणी बाहेर नेणारी नळी गोठते, नाहीतर ज्योत ओळखणारा सेन्सर काजळतो. सेन्सर काजळला की फर्नेस पेटते आणि काही सेकंदांत आपली आपण विझते, कारण तिला ज्योत लागल्याचं कळतच नाही. ती सळई बारीक घासपट्टीनं पुसली की गाडी रुळावर. आणि गॅस असूनही करंट गेला की घर थंड पडतं, कारण पंखा आणि कंट्रोल बोर्ड विजेवर. असं घर रात्रभर थंड राहिलं तर नळातलं पाणी गोठून नळ फुटतात.

पण हे सांगायचं कारण वेगळं. घर गरम होत नाही म्हणून इथं ऊर्जा-तपासणीवाल्याला बोलावलं तर तो फर्नेसकडं वळूनही बघत नाही आधी. पुढच्या दारात एक मोठा पंखा कापडी चौकटीत घट्ट बसवतो आणि घरातली हवा बाहेर ओढायला लागतो. मग घरभर हात फिरवत हिंडायचं. जिथून गार झुळूक येते तिथं फट. स्विचबोर्डामागून, माळ्याच्या झडपेतून, खिडकीच्या चौकटीतून, जिथं कधी वाटलंही नसतं तिथून. इथला क्रम ठरलेला आहे: आधी फटी, मग माळ्यावर इन्सुलेशन, शेवटी यंत्र. उलटं केलं तर गरजेपेक्षा मोठं यंत्र घ्यावं लागतं आणि जन्मभर बिल भरत बसावं लागतं.

राहिला हॉट-कोल्ड एसी. तो म्हणजे हीट पंपच. आता उणे २५ मध्येही चालणारी मॉडेलं इथं आहेत. बेळगावची १२-१४ अंशांची पहाट त्या यंत्राला काहीच नाही.

गवंडीकाम
बेळगावकरांनी क्रम बरोबर सांगितला, पण तो जसाच्या तसा जांबोटीला लावू नका. एडमंटनची हवा हिवाळ्यात कोरडी ठणठणीत, तिथं लोक घरात ओल सोडणारी यंत्रं लावतात. इथं आभाळच चार महिने घरात वस्तीला असतं. सगळ्या फटी बुजवल्या तर चुलीचा धूर, न्हाणीची वाफ, जमिनीतली ओल सगळं आत कोंडणार. पुढच्या श्रावणापर्यंत भिंती काळ्या.

माझं मत: पूर्ण घर तापवायचा नाद सोडा. एक खोली धरा. तुमचं माजघर त्याला उत्तम आहे, कारण वर फळ्या आहेत आणि भोवती दुसऱ्या खोल्या. सोपा आणि स्वयंपाकघर आहे तसंच मोकळं राहू द्या, कौलांना वारं लागलंच पाहिजे. नाहीतर वासे-रीपा कुजतात.

आता ओल कुठून येते ते बघा. ओल तीन तऱ्हेची असते आणि तिन्हींचा इलाज वेगळा. गुडघ्यापर्यंत पट्टा असेल, प्लास्टर फुगून पांढरी पूड झडत असेल, तर ती जमिनीतून चढतेय. वरून खाली ओघळ असतील तर कौल फुटलंय नाहीतर सरकलंय, बहुधा माकडांची कृपा. आणि कपाटामागं, ट्रंकेमागं, कोपऱ्यात काळे ठिपके असतील तर ती हवेतली ओल गार भिंतीवर धरतेय. २० अंशांच्या हवेत ८० टक्के आर्द्रता असली तर १६ अंशांच्या भिंतीवर दंव धरतं, इतकं सोपं आहे ते.

खात्री करायची तर भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दोन-तीन दिवस ठेवा. पाणी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला आलं तर ओल भिंतीची, बाहेरच्या बाजूला आलं तर हवेची.

परसदार
पट्टा आहे. न्हाणीकडच्या भिंतीला कमरेपर्यंत, बाकी तीन भिंतींना नाही. सिमेंटचं प्लास्टर करून वर ऑइलपेंट मारलाय, तो पापुद्र्यानं सुटतो. दरवर्षी घासतो, दरवर्षी मारतो.

गवंडीकाम
मग ऑइलपेंटचा डबा यंदा आणू नका. जांभा सच्छिद्र दगड. पाणी ओढणार आणि वारं लागलं की सोडणार, हा त्याचा धर्म. तुम्ही वर सिमेंट आणि ऑइलपेंटचं कातडं चढवलंत, पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, ते वर चढत गेलं. म्हणून पट्टा गुडघ्यावरून कमरेला आला.

काम असं. न्हाणीचं सांडपाणी कुठं जातं ते आधी बघा. नव्वद टक्के घरांत ते परसात भिंतीलगत केळीच्या नाहीतर अळवाच्या बुडाशी सोडलेलं असतं. नळी टाकून लांब न्या. परसातली माती वर्षानुवर्षं साचून जोत्याच्या वर आली असेल ती जोत्याखाली वीतभर उतरवा आणि उतार बाहेरच्या अंगाला काढा. वळचणीला पन्हळ लावा. या भागात पावसाचं पाणी पागोळ्यांनी थेट भिंतीच्या मुळाशी पडतं, पन्हळीशिवाय बाकी सगळं फुकट. मग त्या एका भिंतीचं सिमेंट प्लास्टर काढून टाका, एक उन्हाळा उघडी सुकू द्या आणि नंतर चुन्याचा गिलावा, वर चुनाच. चुन्यावर काम करणारा जुना गवंडी खानापूरकडं अजून मिळतो, विचारून बघा.

बेळगावच्या गल्ल्यांतल्या लोकांनीही एकदा आपला उंबरा बघावा. रस्ता दरवेळी आधीच्या डांबरावर डांबर घालून होतो. पूर्वी तीन पायऱ्या चढून घरात जायचो, आता एकच उरलीय, आणि लोक विचारतात भिंतीला ओल कशी आली.

निपाणकर
मी बिलाचं बोलतो, कारण दादांनी ब्लोअर माळ्यावर का टाकला ते मला पक्कं कळलं.

गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेत, प्रत्येक मीटरला स्वतःचा हक्काचा आकडा असतो. २०२२-२३ मधला तुमचा सरासरी वापर, त्यावर थोडी भर. तेवढं फुकट. आकडा ओलांडला पण २०० च्या आत राहिलात तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे. आणि २०० ओलांडलेत की त्या महिन्याचं अख्खं बिल तुमच्या गळ्यात. म्हणजे १९८ आणि २०४ मधला फरक सहा युनिटांचा राहत नाही. बिल कन्नडमध्ये असतं, बरेच जण फक्त शेवटचा आकडा बघतात, म्हणून हे ध्यानात येत नाही.

आता हिशेब. दोन किलोवॉटचा ब्लोअर रोज चार तास म्हणजे ८ युनिटं, महिन्याला २४०. बाकी घरात दिवा नाही लावला तरी तुम्ही हद्दीबाहेर.

टिळकवाडी फ्लॅट
यात ऑइलचा रेडिएटर वाचवतो म्हणतात ना? दुकानदारानं तसंच सांगितलं.

उद्यमबाग
नाही वाचवत. ब्लोअर, हॅलोजन, क्वार्ट्झचा रॉड, ऑइलचा रेडिएटर, सगळी एकाच जातीची. एक युनिट वीज घालायची, एक युनिट ऊब काढायची. रेडिएटर सावकाश तापतो, सावकाश निवतो, आवाज नाही, लाल तार नाही, म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत बरा. पण युनिटांत फरक शून्य.

हीट पंप वेगळा, कारण तो ऊब तयार करत नाही, बाहेरची उचलून आत आणतो. बाहेर १२ अंश आहे म्हणजे ऊब नाही असं नव्हे. बाहेरच्या कॉइलमधला गॅस त्याहून थंड ठेवला की तो त्या हवेतली ऊब ओढतो. आपल्या हवामानात एका युनिटाला तीन ते चार युनिटांएवढी ऊब मिळते. समजा माजघराला रात्रभर सरासरी सव्वा किलोवॉट ऊब लागते, आठ तास. रॉडनं १० युनिटं. हॉट-कोल्ड इन्व्हर्टर एसीनं तीनच्या आसपास. महिन्याला ३०० विरुद्ध ९०.

घेताना नुसतं "इन्व्हर्टर" बघून घेऊ नका, त्यात गॅसची दिशा उलटवणारा (रिव्हर्सिंग) व्हॉल्व्ह आहे का, हीटिंगची क्षमता लेबलवर लिहिली आहे का ते बघा. बेळगावात बहुतेक माल फक्त थंड करणारा, हॉट-कोल्ड मागवावा लागतो. आणि आतलं युनिट उंचावर बसतं, गरम हवा वरच तरंगते. पट्ट्या पूर्ण खाली वळवायच्या, २२ वर ठेवायचं, ३० वर नाही.

शहापूरची लेक
एवढं सगळं ठीक, पण त्या दोघांना खोली गरम हवीय की अंथरूण? माझ्या सासूबाईंना मी इलेक्ट्रिक अंडरब्लँकेट आणलं. गादीवर पसरायचं, वर चादर. शंभर वॉटच्या आत खातं. झोपायच्या आधी अर्धा-पाऊण तास लावते, त्या आत शिरल्या की बंद करते. रात्रभर ठेवलं तरी एक युनिट होत नाही. सासूबाई आता वाकळीला हात लावत नाहीत, आणि आधी म्हणत होत्या "करंटवर झोपू काय मी?"

एवढं बघा फक्त: घडी घालून ठेवायचं नाही, आतली तार मोडते, गुंडाळून ठेवायचं. आणि ज्यांना साखरेमुळं पाय बधिर असतात त्यांच्यासाठी रात्रभर चालू ठेवू नका, चटका बसला तरी कळत नाही.

उद्यमबाग
वहिनींनी आमची सगळी गणितं एका गादीत गुंडाळली. मान्य. डिसेंबर-जानेवारीचा प्रश्न याच्यानं निम्म्याहून जास्त सुटतो. तिथली थंडी तशी पहाटेचीच, दिवसा ऊन असतं.

पण पावसाळ्याचं काय? तिथं मला वाटतं खरं यंत्र हे एसी नव्हे, हवा सुकवणारं डीह्युमिडिफायर. एसीचा ड्राय मोड आर्द्रता ओढतो पण काढलेली ऊब बाहेर फेकतो, म्हणजे २१ अंशांची खोली आणखी गार. डीह्युमिडिफायर त्याच खोलीत बसतो, पाणी बादलीत काढतो आणि ऊब खोलीतच सोडतो. एक लिटर पाणी वाफेचं द्रव होताना सुमारे ०.६८ युनिट ऊब सोडतं. तीनशे वॉटचं यंत्र दहा तास चाललं, चार लिटर पाणी काढलं, तर विजेची ३ युनिटं आणि पाण्याची २.७, मिळून पावणेसहा युनिटं ऊब खोलीत. म्हणजे हीटर म्हणूनही ते रॉडपेक्षा सरस, वर अंथरूण कोरडं.

लेबलवर "२० लिटर" लिहिलेलं असतं ते दिवसाला, आणि तेही ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेचं. आपल्याकडच्या २०-२१ अंशांच्या पावसाळी हवेत त्याच्या निम्मंच धरा, कमीच. आणि हे लावताना दार-खिडकी बंद हवी, नाहीतर कणकुंबीचं धुकं सुकवत बसाल.

अथणीवाला
तुमचा एकाच जिल्ह्यातला संसार वाचून गंमत वाटली. आमच्याकडं अथणी-रायबागला मे महिन्यात ओल शोधून सापडत नाही. वाळ्याचा नाहीतर हनीकोंबचा कूलर लावायचा, खिडकीत ठेवायचा, समोरची खिडकी फटीएवढी उघडी. झकास. तोच कूलर खानापुरात लावला तर चिकचिक. एकाचं बघून दुसऱ्यानं घ्यायचं नाही, एवढंच. आणि स्लॅबवर पांढरं कोटिंग, ते मात्र अख्ख्या जिल्ह्याला चालतं.

टिळकवाडी फ्लॅट
विषय एसीचा निघालाच आहे तर विचारतो. माझा दीड टनाचा, दर मार्चला सर्व्हिसवाला येतो, "गॅस कमी झालाय" म्हणतो, गॅस भरतो, पैसे घेतो. जूनपर्यंत चालतो, पुढच्या मार्चला पुन्हा तेच. एसी गॅस खातो का?

उद्यमबाग
खात नाही. ते बंद चक्र आहे, त्यात गॅस संपत नाही. दरवर्षी कमी होतोय म्हणजे गळतोय, आणि गळती न शोधता भरणारा माणूस तुम्हाला पुढच्या मार्चचं आमंत्रण देऊन जातोय. त्याला सांगा: आधी नायट्रोजन भरून प्रेशरवर ठेव, फ्लेअरच्या जोडांना आणि कॉइलच्या वळणांना साबणाचं पाणी लाव, बुडबुडे कुठं येतात दाखव. मग ब्रेझिंग, म्हणजे जोड तापवून सांधणं, मग व्हॅक्यूम पंपानं पूर्ण हवा काढायची, मग वजनकाट्यावर मोजून गॅस. किती ग्रॅम ते युनिटच्या पाटीवर छापलेलं असतं. व्हॅक्यूम पंप आणि काटा पिशवीत नसेल तर चहा पाजून परत पाठवा. आर-३२ असेल तर आणखी जपून, तो पेट घेऊ शकतो, खोलीत जोड तापवताना आत गॅस असता कामा नये.

टिळकवाडी फ्लॅट
काटा तर कधी बघितलाच नाही. बघतो यावेळी.

परसदार
गाडी परत जांबोटीला आणतो. गिझरचं काय?

वायरमन अनगोळ
बटण दाबल्याबरोबर सगळा करंट जातो म्हणजे आरसीसीबी, करंट गळाला की वीज तोडणारा स्विच, पडतोय. म्हणजे तो त्याचं काम करालाय, त्याला शिव्या देऊ नका आणि कुणी "बायपास करून देतो" म्हणाला तर त्याला दारातच थांबवा. गिझरचं एलिमेंट चिरलंय, करंट पाण्यात उतरालाय. पंधरा लिटरचा असेल तर तळाचं झाकण चार बोल्टांवर असतं. पाणी बोअरचं आहे का?

परसदार
बोअरचंच. विहीर आहे पण पंप बोअरला.

वायरमन अनगोळ
मग उघडल्यावर एलिमेंटची तांब्याची नळी दिसणारच नाही, पांढऱ्या-पिवळ्या खपल्यांचं जाड वेष्टण दिसेल. टाकीच्या तळाला त्याच खपल्यांचा चाळीस-पन्नास ग्रॅम नव्हे, ओंजळभर चुरा. खपली जमली की ऊब पाण्यात जात नाही, नळी आतल्या आत तापते आणि फाटते. एलिमेंट नवं घाला, रबरी वॉशर नवं घाला, आणि शेजारी एक मॅग्नेशियमची कांडी असते ती बघा. टाकी गंजण्याऐवजी ती झिजावी म्हणून ठेवलेली असते. झिजून तार उरली असेल तर ती पण बदला, स्वस्तातली गोष्ट आहे. बहुतेक मेकॅनिक तिच्याकडं बघतच नाहीत आणि तीन वर्षांनी टाकी गळाली की नवा गिझर घ्या म्हणतात. विहिरीचं पाणी मऊ असेल तर गिझरला ते जोडा. थर्मोस्टॅट ५५ वर ठेवा, ७० वर खपली लवकर धरतेय.

पंधरा लिटर पाणी २० वरून ५५ ला न्यायला ०.६ युनिट लागतंय, वीस मिनिटांत होतंय. सकाळी उठल्यापासून नऊपर्यंत लावून ठेवायचं काही कारण नाही.

निपाणकर
सोलर बसवलं तर गिझरचा खर्चच मिटेल की.

गवंडीकाम
जांबोटीला जून ते सप्टेंबर सोलर फक्त कौलांवरची शोभा. बाकी आठ महिने छान चालेल, पण टाकी छपरावर, न्हाणी मागच्या टोकाला. पाऊण इंची नळीत मीटरला साधारण तिसरा हिस्सा लिटर पाणी बसतं. पंधरा मीटरचा पल्ला असला तर गरम पाणी येईतो साडेचार-पाच लिटर गार पाणी ओतायचं. नळीला फोमचं आवरण नसेल तर रोज तेवढी ऊब हवेत. आणि कौलारू छपरावर दोनशे लिटरची टाकी ठेवायची नाही, वाशांना झेपणार नाही. वेगळा कट्टा बांधावा लागेल. परसात बंब असेल तर तो आहे तिथंच राहू द्या, बाहेर आहे, सरपण आहे, आंघोळीला त्याच्यासारखं पाणी नाही.

एडमंटनचा बेळगावकर
बंबाचं नाव काढून छळू नका राव.

माजघराच्या फळ्यांवर काय घालायचं ते कोणी सांगितलं नाही. ऊब वरच जाते, तिथं अडवली तर कमी यंत्रात भागेल.

गवंडीकाम
थर्माकोल नको, पेट घेतो. ग्लासवूल उघडं टाकलं तर उंदरांचं बाळंतपण. फळ्यांवर रॉकवूलच्या पाट्या दोन इंची, वर सिमेंटशीटचं झाकण, कडा जाळीनं बंद. कौलं आणि हे झाकण यांच्यात जागा मोकळी सोडायची, वारं खेळू द्यायचं. फळ्यांच्या फटींत आधी सुतळी ठासा. जुन्या घरांत याच जागी भाताचा कोंडा घातलेला असायचा, विचार तोच. हे उन्हाळ्यातही कामाला येतं, एप्रिलमध्ये तापलेल्या कौलांची धग खाली उतरत नाही.

परसदार
सगळ्यांचं वाचून असं ठरवतोय. या उन्हाळ्यात न्हाणीचं पाणी लांब काढणं, परसातली माती उतरवणं, पन्हळ, त्या भिंतीचं प्लास्टर. तक्तपोशीवर रॉकवूल. गिझरचं एलिमेंट आत्ताच. दोन अंडरब्लँकेटं दिवाळीत. डीह्युमिडिफायर मिरगाच्या आधी. एसी तूर्त नाही, पुढच्या हिवाळ्यात माजघर कसं राहतं ते बघून.

उद्यमबाग
क्रम चांगला. पावसाळ्यात डीह्युमिडिफायर दहा तास म्हणजे महिन्याला ९० युनिटं, तुमचा हक्काचा आकडा किती ते बिलावर बघून घ्या. वरचे तेवढे पैसे भरा, पण २०० च्या आत बसेल. आर्द्रता ६० वर आली की आपोआप बंद होणारं घ्या, म्हणजे ९० पण होणार नाहीत. पाण्याची नळी न्हाणीत सोडा, दादांना बादली उचलायला लावू नका.

शहापूरची लेक
आणि शेगडी?

परसदार
आईनं तीत तुळस लावली. दादा दोन दिवस बोलले नाहीत.

वायरमन अनगोळ
कुठलंही यंत्र घ्यायच्या आधी मीटरजवळच्या बोर्डाचा फोटो टाका. सोळा अँपिअरचा पॉइंट माजघरात आहे का, वायर किती जाडीची, अर्थिंगचा खड्डा कुठं, हे बघितल्याशिवाय काही लावायचं नाही.

परसदार
टाकला बघा. अर्थिंग परसात आहे, मीठ-कोळसा घातलेलं, बरंच जुनं.

वायरमन अनगोळ
अर्थिंगला घागरभर पाणी ओता आणि ते मोजून घेऊ नंतर. आधी हे सांगा, डाव्या बाजूच्या फ्यूजमध्ये ती जाड तार कसली घातलीय? कपडे वाळत घालायची तार दिसालीय मला. मेन बंद करा आणि ती काढा. फ्यूजची तार मापाची मिळतेय, दहा रुपयांत. त्या जागी एमसीबी, जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच, बसवायला मी येऊन जाईन, फक्त त्या दिवशी दादांना घरी थांबायला सांगा, ती तार कुणी घातली ते मला विचारायचंय.